वेगळी पेटी

"मला त्याच्या पेटीत घालू नकोस, मातिना. वेगळी पेटी कर. आणि हे कुणाला सांगायचं नाही."

आईने हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी मागच्या अंगणात शेंगा सोलत होतो. तिने मान वर केली नाही. मीठ संपलंय, येताना आण, असं सांगावं तसं सांगितलं. मी "बरं" म्हटलं. दाणे पातेल्यात पडत राहिले. पाच आठवड्यांनी ती गेली. त्या "बरं"ला तीन वर्षं होऊन गेली होती, आणि बुधवारी सकाळी सव्वानऊ वाजता मी लिम्नाकीच्या दफनभूमीत तिच्या कबरीशी उभी होते, आणि कबर उघडी होती. आत एक निळी प्लास्टिकची बादली पडली होती. तिच्या नावाची संगमरवरी पाटी पलीकडच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, तोंड भिंतीकडे, शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. आमच्या घरात बायका हळू बोलायच्या, कारण भिंतीपलीकडे शेजार होता आणि भिंतीअलीकडे बाबा झोपलेला असायचा. माझा राग आवाजात उतरायला कधी शिकलाच नाही. तो हातात उतरतो. बोटं गार पडतात, आणि समोर जे असेल त्याची मी घडी घालायला लागते. त्या वेळी माझ्या हातात पांढरं सुती कापड होतं, आईसाठी आणलेलं. चारी कडा मी हाताने शिवल्या होत्या, जहाजावर, पाळी संपल्यावर, वरच्या बर्थवर मान वाकडी करून. उघड्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून मी त्या कापडाची घडी घातली, मोडली, परत घातली. कोपऱ्याला कोपरा. खाली बंदरात आमचं जहाज उभं होतं, गावातल्या कुठल्याही घराहून उंच, चर्चच्या घंटेच्या मनोऱ्याहून उंच. त्याच्या सावलीत मासळीबाजार आणि अर्धा धक्का बुडाला होता. त्या जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली, मी चादरी धुते. दर पंधरा दिवसांनी, बुधवारी, तेच जहाज मला माझ्याच गावी आणून सोडतं आणि दुपारी परत बोलावतं. गळ्यात कार्ड, कार्डावर फोटो, फोटोखाली नाव. स्वतःच्या गावात उतरायला मला परवानगी लागते.

बुधवार मीच ठरवला होता. आमच्याकडे माणूस मातीत तीन वर्षं असतो. बेट लहान, मेलेले पुष्कळ. तीन वर्षांनी त्याला वर काढायचं, हाडं लाल वाइनने धुवायची, कापडात गुंडाळून लाकडी पेटीत भरायची आणि अस्थिघरातल्या फळीवर ठेवायची. धुण्याचं काम घरच्या बाईचं. आईचं तर मुलीचंच. याकुमिसला, माझ्या धाकट्या भावाला, मी फोनवर दोनदा सांगितलं होतं, बुधवारी दहाला, पाद्रीबाबांना निरोप दे. "सांगतो गं, सांगतो," तो म्हणाला होता. पाठीमागे घंटा वाजत होती, पाहुणे फिरवतो त्या त्याच्या गाडीची. मी मिंडाबरोबर तीन पाळ्या बदलून घेतल्या. मिंडा माझ्या खोलीत खालच्या बर्थवर असते. मी पहाटे दोन बर्थच्या मधल्या हातभर जागेत चाळीस दंडवत घालते, त्यातल्या निम्म्या वेळा माझं डोकं तिच्या चपलांवर टेकतं. खोलीत ज्योत लावायला बंदी आहे, म्हणून देवमातेच्या चित्रापुढे सेलवरचा दिवा. मिंडा म्हणते, "तुझा देव काय बॅटरी तपासतो का गं?" पण पाळ्या बदलून दिल्या तिने. आईचं काम आहे म्हटल्यावर एक शब्द विचारला नाही. परकी बाई. आणि इथे सख्खा भाऊ.

मोस्खूलामावशी झारी घेऊन फाटकातून आली तेव्हा मी अजून घडीच घालत होते. मावशी दफनभूमी झाडते, फुलांना पाणी घालते, आणि ज्यांच्या घरी बाई नाही त्यांची हाडं धुते. आमच्या भिंतीपलीकडची ती हीच.

"अगो, मातिना? तू आज कशी?"

"आज ठरलं होतं, मावशी. दहाला."

"झालं की शनिवारी!" तिने झारी खाली ठेवली. "याकुमिस म्हणाला, तिला रजा मिळत नाही, आपण उरकून घेऊ. तुला कळवलं नाही त्याने?"

"कुणी धुतलं?"

"मी. आणखी कोण? तुझी वहिनी नाकाला रुमाल लावून फाटकाशी उभी. म्हणे, मला वास सहन होत नाही. हाडांना कसला गं वास?"

"वाइन कुठली?"

"दुकानातली. आईने यासाठी ठेवलेली बाटली माझ्याकडेच आहे, फडताळात, लाखेचं बूच तसंच. त्याने मागितली नाही, मी दिली नाही. ती तू मागायचीस."

मग मी तिसरं विचारलं. आमच्या गावात पहिलं विचारतात ते मी तिसरं विचारलं, इतकी मी घाबरले होते. "रंग?"

मावशीने झारीचं तोंड उगीच पुसलं. "जरा काळसर होती. म्हणजे जराच. आता माती ओली असली तर काय होणार? तो नळ बघ की मेला!"

नळ मी आधीही पाहिला होता, त्याचं पाणी कुठे जातं ते आज पाहिलं. दोन वर्षांपूर्वी पंचायतीने इथे वर बसवला, जहाजाच्या पाहुण्यांसाठी. ते फोटो काढायला चढून येतात, त्यांना तहान लागते. तो नीट बंद होत नाही. भिंतीवरून शेवाळाची हिरवी रेघ खाली आली होती, फरशीवरून गेली होती, आणि थेट आईच्या उशाशी मातीत शिरली होती. दोन वर्षं थेंब थेंब. ज्यांची हाडं मेणासारखी पिवळी निघतात ते देवाला पावले, काळी निघतात त्यांचं काहीतरी राहून गेलं, असं आमच्यात मानतात. शनिवारी फाटकाशी किती बायका उभ्या असतील, आणि घरी जाताना काय बोलल्या असतील, ते मला आईच्या नावासकट न ऐकता ऐकू आलं. कालिरोई? अगो बाई, वाटत नव्हतं. आणि बाबाची हाडं आठ वर्षांपूर्वी निघाली तेव्हा सोन्यासारखी होती. देवा, मला क्षमा कर, पण ते मी तुला कधी विचारलेलं नाही, आज विचारते. सोन्यासारखी?

"आणि पेटी?" मी म्हटलं.

"पेटी कशाला नवी?" मावशीचा चेहरा आता उजळला, इथे तरी चांगली बातमी आहे म्हणून. "बापाची आहे ना, जाड लाकडाची. त्यातच. याकुमिसने स्वतःच्या हाताने ओतली. केवढा रडला गं! सगळे म्हणाले, मुलगा असावा तर असा. आई-बापाला एकत्र केलं."

ओतली. हा शब्द घेऊन मी टेकडी उतरले. धान्य ओततात. पाणी ओततात.

उतारावर समोरून पाहुणे चढत होते, टोप्या, काठ्या, दंडावर आमच्या जहाजाच्या रंगाच्या चिकटपट्ट्या. एका बाईने मला पाहिलं आणि ती आनंदाने थांबली. मी काळ्या झग्यात, डोक्याला काळा रुमाल, आज हाडं धुवायची म्हणून. तिने माझा फोटो काढला. मग हात जोडल्यासारखं केलं आणि हसली. ती माझ्याच जहाजावरून आली होती, तिच्या उशीचा अभ्रा कदाचित कालच माझ्या हाताखालून गेला असेल, घामाचा, मलमाचा, लिपस्टिकचा. मला त्यांचे सगळ्यांचे डाग ठाऊक आहेत. त्यांना माझा चेहरा या टेकडीवर दिसला की मी गावाचा देखावा होते, आणि खाली जहाजावर दिसले तर मी कुणीच नसते. माझे हात परत घडी घालायला लागले, कापड काखेत होतं तरी.

बाबाच्या वेळी सगळं रीतीने झालं होतं. आईने मांडीवर घेऊन त्याचं डोकं धुतलं, मी वाइन ओतत होते, थोडी थोडी. बाहेर बायका हुंदके देत होत्या, काय प्रेम, काय निष्ठा. आईच्या डोळ्यात पाणी नव्हतं. तिने एकेक हाड घेतलं, बरगड्या, मणके, पाय. उजव्या हाताची हाडं तिने शेवटासाठी ठेवली. ती बाजूला काढून ओळीने मांडली होती, बारीक बारीक, खडे निवडून ठेवावेत तशी. मग एकेक बोट उचललं, धुतलं, उजेडात धरून पाहिलं, पुसलं, परत धुतलं. पाद्रीबाबा प्रार्थना संपवून थांबले होते, खाकरले, तरी ती त्या हातावरच होती. तिच्या डाव्या मनगटावर हाडाची गाठ होती, नीट न जुळलेली, थंडीत दुखायची. त्या वाकड्या मनगटानेच ती तो हात धुत होती. मी सगळं पाहत होते आणि मला वाटलं, हिने क्षमा केली. किती वर्षं मी हेच समजत होते, आणि प्रार्थनेत तिचं उदाहरण स्वतःला देत होते. क्षमा नव्हती ती. ती नीट बघून घेत होती, एवढासा होता का तो, यालाच का मी भ्यायले.

आणि मग मला सांगितलं, वेगळी पेटी. आणि मग सांगितलं, सांगू नकोस. याकुमीला बाबा म्हणजे देव गं, त्याचं मन मोडेल. आई, तुझ्यावरही राग आहे माझा. दोन आज्ञा दिल्यास आणि दोन्ही एकमेकींच्या नरडीवर बसवल्यास. मी आयुष्यात उपास चुकवला नाही, तशी तुझी दुसरी आज्ञा चुकवली नाही. तीन वर्षं जीभ दाताखाली. तीच पाळता पाळता पहिली मोडली. सोपी होती ना दुसरी, गप्प राहणं. त्यात मला कष्ट कुठले? गप्प राहायला मी टपलेलीच असते. मी त्याला व्रत म्हणते.

खाली चौकात याकुमिसची गाडी उभी होती. रुळांवरची नव्हे, रबरी चाकांची, निळी-पांढरी, पुढे खोटं धुराडं, मागे तीन डबे. जहाजाच्या दिवशी ती पाहुण्यांना घेऊन गावाला फेरी मारते. वहिनी, अनेझिना, छत्रीखाली तिकिटं फाडत होती.

"आली आमची दर्यावर्दी!" ती म्हणाली. "चीजची वडी खा गं, गरम आहे. नुसती हाडं राहिलीत तुझी." आणि मग स्वतःच्या तोंडून काय निघालं ते कळून तिने तोंडावर हात ठेवला.

"आज बुधवार, उपास," मी म्हटलं.

"तुला बुधवार, आम्हाला जहाज. देव तरी किती दिवस वाटून घेणार?"

मी पहिल्या डब्यात, याकुमिसच्या पाठीशी बसले. त्याने आरशात मला पाहिलं, हसला, वळून माझा गुडघा थोपटला. त्याचे डोळे आईचे आहेत, तपकिरी, लगेच भरून येणारे. "आलीस! बस, बस. एक फेरी मारू, मग बोलू." घंटा वाजवली. गाडी हलली. डोक्यावरच्या भोंग्यातून एक बाई तीन भाषांत बोलायला लागली, की लिम्नाकीचे लोक साधे आणि पाहुणचार करणारे आहेत.

"शनिवारी का, याकुमी?"

"शनिवारी जहाज नसतं ना."

"मी जहाजावरच असते. मी येते तीच मुळी जहाजाच्या दिवशी."

"तेच तर सांगतोय!" त्याने खांदे उडवले, एका म्हातारीसाठी गाडी हळू केली, तिला हात दाखवला, परत वेग घेतला. "जहाजाच्या दिवशी मला मरायला सवड नाही. अकरा फेऱ्या. आज तर दोन जहाजं, दुसरं बाहेर नांगर टाकून उभं आहे. दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते, लोक फोटो काढतात. आईला काय त्यांच्यापुढे उघडू? मी विचार केला, शांतपणे होऊ दे. तुझाच विचार केला मी."

त्याचं खोटं नव्हतं. तेच मला सोसेना. खोटं असतं तर धरता आलं असतं.

"पेटीचं कुणी ठरवलं?"

"मी!" त्याचा आवाज लगेच ओलावला. "पाद्रीबाबा म्हणाले, छान होईल. इतकी वर्षं बिचारा एकटा त्या फळीवर. मी उघडली, आणि वाटलं, बाबा वाट बघतोय. मातिना, तू असतीस तर रडली असतीस."

माझ्या शेजारचा माणूस खिडकीतून मासेमारांची जाळी टिपत होता. भोंग्यातली बाई म्हणाली, डावीकडे वर जुनी दफनभूमी, तिथून दिसणारा देखावा चुकवू नका. सगळ्यांनी डावीकडे वर पाहिलं. मीही पाहिलं. माझी आई तिथे होती, एका अंधाऱ्या खोलीत, तिसऱ्या फळीवर, त्याच्या बरगड्यांत अडकलेली. बेचाळीस वर्षं ज्या पलंगाच्या काठावर ती भिंतीला चिकटून झोपली, तो पलंग आता दोन विती लांबीचा झाला होता, आणि काठ राहिला नव्हता.

"तिला त्याच्यात जायचं नव्हतं," मी म्हटलं.

"काय?"

मी हळू बोलले होते. नेहमीसारखी. भोंगा, इंजिन, घंटा. मी पुढे वाकून परत म्हटलं, आणि माझा आवाज मला अनोळखी वाटला, कुणा थोराड बाईचा. "तिला त्याच्या पेटीत जायचं नव्हतं. मला सांगितलं होतं तिने."

"कधी?"

"शेंगा सोलताना."

"शेंगा सोलताना!" तो हसला, पण आरशात डोळे हसले नाहीत. "आणि तू काय केलंस तीन वर्षं? फोन करतेस, उपास सांगतेस, कुठल्या बंदरात काय पाहिलंस ते सांगतेस, तुझी ती मिंडा घोरते ते सांगतेस. हे सांगायला तोंड नव्हतं?"

"कुणाला सांगू नको म्हणाली होती."

"वा! म्हणजे मी ओळखायचं? देवमातेने स्वप्नात येऊन सांगायचं मला?"

त्याचं बरोबर होतं. माझी बोटं गार पडली होती, गुडघ्यावर झग्याची मी बारीक घडी घातली होती, एकावर एक, पंख्यासारखी. त्याचं बरोबर होतं, आणि तरी मला त्याला त्या सीटवरून खेचून काढावंसं वाटत होतं. इतकी वर्षं ज्या मनाला आम्ही दोघी बायका जपत आलो, ते मन हे, टोपी घालून घंटा वाजवणारं. त्याला खाऊ मिळायचा, घोडा-घोडा मिळायचा, बाबाच्या खांद्यावरून जत्रा दिसायची, आणि आम्ही दोघी मागून चालायचो आणि एकमेकींच्या बाह्या खाली ओढायचो. त्यात त्याचा दोष नव्हता, सहा वर्षांचा होता तो. पण सहा वर्षांचा माणूस कधीतरी सात वर्षांचा होतो की नाही? आम्ही त्याला होऊच दिलं नाही.

"पण का?" तो म्हणाला. "कारण काय?"

"तिचं मनगट."

"मनगटाचं काय? पडली होती ती. मला आठवतंय, मी होतो तिथे. जिन्यावरून पडली. मी पाहिलं."

"कुठल्या जिन्यावरून?"

"आपल्या. मागच्या, लोखंडी."

"तो तू बांधलास, याकुमी. वर पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यास तेव्हा. त्याला सहा वर्षं झाली." मी थांबले. भोंगाही भाषा बदलताना क्षणभर थांबला होता, आणि त्या फटीत माझं वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. "आपण लहान असताना घराला जिना कुठे होता?"

गाडी थांबली नाही. तिने वळण घेतलं, लिंबाच्या बागेला वळसा घातला, पवनचक्कीच्या खांबाशी आली. मला फक्त त्याचे कान दिसत होते, मागून, आणि ते हळूहळू लाल झाले, लहानपणी मार खाण्याच्या भीतीने व्हायचे तसे. पण त्याला मार कधी बसला नव्हता. मग ते का लाल व्हायचे? हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःला विचारलं. तो घाबरायचा. कशाला घाबरायचा, जर त्याने काहीच पाहिलं नव्हतं? भोंग्यातली बाई तिसऱ्या भाषेत पाहुणचाराचं बोलत होती.

चौकात पाहुणे उतरले. नवे चढायला लागले. अनेझिना तिकिटं फाडत ओरडली, "याकुमी, निघ रे, मागे रांग लागलीय!" तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मग त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातून एक लांब किल्ली काढली, गंजकी, अस्थिघराची. मागे न वळता खांद्यावरून माझ्याकडे धरली.

"पाचला सुटतो मी," तो म्हणाला. "थांबलीस तर येतो."

"जहाज साडेचारला सुटतं. आम्हाला चारला हजर व्हायचं."

"माहितीये मला."

मी किल्ली घेतली. त्याने बाहीने नाक पुसलं आणि घंटा वाजवली.

किती वेळ मी धक्क्यावर बसले ते ठाऊक नाही. आत राग होता, पण आता तो पसरलेला नव्हता, एकाच जागी जाऊन बसला होता, शिजून घट्ट झालेल्या गव्हासारखा. समोर जहाजाची भिंत, ओळीने गोल खिडक्या, सर्वांत खाली खिडक्या नाहीत तिथे आमची माणसं त्या वेळी चादरी इस्त्रीच्या रुळांत घालत असतील. वाफ, कोपऱ्याला कोपरा. चारला हजर नसलं तर नाव पुकारतात, मग सामान पिशवीत भरून धक्क्यावर ठेवतात. माझ्या सामानात एक चित्र, एक सेलवरचा दिवा, तीन झगे. हे मी दुसऱ्याच कुणाचं मोजावं तसं मोजलं. मग उठले आणि मोस्खूलामावशीकडे गेले.

मावशी दारात बसून भाजी निवडत होती. माझ्या हातातली किल्ली तिने पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. मी सांगितलं. एकदा मोडलेली आज्ञा दुसऱ्यांदा मोडायला सोपी जाते. सगळं सांगितलं, शेंगा, पेटी, मनगट. ती पानं खुडत ऐकत होती.

"मनगट मी पाहिलं शनिवारी," ती शेवटी म्हणाली. "हातात आलं माझ्या. आणि भिंत काय एवढी जाड होती का गं तुमची? मी सगळं ऐकायचे. पण पेटीचं नव्हतं मला माहीत. नाहीतर मी आडवी पडले असते फळीसमोर." तिने पान तोडलं. "खोटं. नसते पडले. तेव्हा कुठे पडले होते?"

"ओळखू येतील का मावशी? आता मिसळलीत."

"न यायला काय झालं? काळसर ती तिची. पिवळी ती त्याची." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम, दात नसलेल्या तोंडाने, हसली. "बघ बाई, तो मेला नळ कामाला आला."

मला हसू आलं नाही. 

"पेटी?" मी म्हटलं. "सुतार कोण आहे आता?"

"सुतार दोन जहाजांच्या दिवशी? तो दुकानात लाकडाच्या गलबतांना रंग देत बसलाय." मावशी भिंतीला धरून उठली, आत गेली, आणि काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. अक्रोडाची पेटी होती, कोपरे पितळेचे. तिने स्वतःसाठी करून घेतलेली, मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. झाकण उघडून तिने ती कलती केली आणि आतले कांदे फरशीवर घरंगळले, दारापर्यंत. "मला अजून वेळ आहे. तोवर दुसरी होईल. माझ्या मांडीचं माप घेऊन केलीय हो, तुझी आई माझ्याहून बुटकी. ऐसपैस होईल तिला. पाय पसरू दे जन्मात एकदा."

कांदे गोळा करायला मी वाकले तेव्हा दारात एक पाहुणा उभा होता, उंच, नाकाला पांढरं मलम लावलेला. पेटीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, विकायची आहे का, केवढ्याला.

"काय म्हणतो तो?" मावशी म्हणाली.

"पेटी विकत हवीय."

"त्याला म्हणावं, आधी मांडीचं हाड काढून दे, लांबीला बसतंय का बघते, मग भाव करू."

मी त्याला नाही म्हटलं. एवढंच. पण तो दोन पावलं मागे सरला, आणि गल्लीच्या टोकाला कोळ्याची बायको वळून बघायला लागली, तेव्हा मला कळलं की मी मोठ्याने बोलले होते.

मावशीने फडताळातून बाटली काढली. आमच्या अंगणातल्या वेलीची वाइन, लाखेवर आईच्या अंगठ्याचा ठसा. ती मी पेटीत ठेवली, पांढरं कापड ठेवलं, मावशीने दोन मेणबत्त्या ठेवल्या आणि काडेपेटी. आतल्या लाकडाला कांद्याचा उग्र वास येत होता.

"वाऱ्यावर ठेवली असती जरा," मावशी म्हणाली.

"असू दे. भाकरीबरोबर कांदा लागायचाच तिला."

"किती वाजले ते तरी बघ, पोरी."

"नको."

मी क्रूसाची खूण केली. पेटी कमरेवर घेतली, जहाजावर धुण्याची टोपली घेते तशी, एक हात खालून, एक वरून. गल्लीत ऊन होतं. गळ्यातलं कार्ड पेटीच्या पितळेवर आपटून खट खट वाजत होतं, ते मी झग्याच्या आत टाकलं, आणि पाहुणे उतरत होते त्या पायऱ्यांवरून, भिंतीच्या कडेकडेने, चढायला लागले.